भोंगाबाईंचा संध्याकाळचा दवाखाना

आमच्या डॉक्टरीणबाईंना हळू बोलता येत नसे. तपासणीच्या खोलीत त्यांनी "जीभ दाखव" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेले दोघेतिघेही तोंड उघडत. सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे कधीच बंद पडले, पण पूर्व भागातल्या आमच्या महापालिकेच्या दवाखान्यात एक चालू होता, म्हणून आम्ही कर्मचारी त्यांना पाठीमागे भोंगाबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा माझ्या औषधाच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "भोंगा झाला की माणसं कामाला लागायची, तेवढं ध्यानात ठेव."

ज्याचं दुखणं गल्लीत कळायला नको, अशा पेशंटला त्या मागच्या कडुनिंबाखाली नेत आणि बोलण्याऐवजी कागदावर लिहून दाखवत. वाचता न येणाऱ्याची पंचाईत व्हायची. मग सिस्टर त्याच्या कानात सांगायच्या आणि बाई शेजारी तोंडावर हात ठेवून उभ्या राहायच्या.

बाई करमाळ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. रागावल्या की त्यांचं शहरी मराठी गळून पडे. "आमची आई शेळ्या घेऊन बाजारात जायची," त्या सांगत. "गिऱ्हाईक असंल तवा जायची. तिला झोप पुरी झाल्यावर न्हाय!" हे बहुतेक मला उद्देशून असे, कारण दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आधीच माझा हात खिडकीच्या कडीवर असायचा.

आमच्या भागात घरोघरी बाया विड्या वळतात. वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या, नवी पानं आणि तंबाखू घ्यायची, आणि दवाखाना उघडा नेमका त्याच वेळेला. त्या मोकळ्या होऊन येईपर्यंत आमचं कुलूप लागलेलं. अशाच एका दुपारी नरसम्मा नावाची विडी कामगार पायाची चिघळलेली जखम घेऊन आली. साखर वाढलेली, अंगठा काळानिळा. रोज मलमपट्टी झाली नाही तर पाऊल काढायची वेळ येईल, असं बाईंनी अख्ख्या बोळाला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं. "इतके दिवस कुटं होतीस?"

"कारखान्यात," नरसम्मा म्हणाली. "माझ्या विड्या तुमी नेऊन देता का बाई? मग सकाळी येते की."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कुलूप माझ्या हातातून काढून घेतलं, नरसम्माची पट्टी केली आणि तशाच महापालिकेत गेल्या. तिथं त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पण तिथल्या शिपायानं सांगितलं की तिन्ही मजल्यांनी ऐकलं. आरोग्य विभागाच्या साहेबांनी संध्याकाळचा दवाखाना काही दिवस चालवून बघायला परवानगी दिली. बाया आल्या नाहीत तर बंद, ही अट. माझ्या संध्याकाळच्या चहाचं आणि मित्रांच्या कट्ट्याचं वाटोळं झालं, म्हणून मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

बाया येऊ लागल्या. नरसम्मा रोज यायची, जखम कडेनं भरू लागली होती. आणि एका संध्याकाळी साहेब न कळवता पाहणीला आले, तर बाकावर चिटपाखरू नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, रिकाम्या बाकांसाठी एवढा स्टाफ बसवायचा?"

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अवो साहेब, आज पाणी आलंय! चला!"

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी घरात लग्न असलं तरी बाई नळापाशीच असते. मलमपट्टीचा डबा माझ्या हातात, रक्तदाबाचं यंत्र सिस्टरांकडे, अशी आमची वरात गल्लीत शिरली. सगळीकडे पाइप, पिंपं, घागरी. नरसम्मा पट्टीचा पाय एका विटेवर टेकवून पिंप भरत होती. "पाय वर! वर घे!" बाई कडाडल्या, तर गल्लीतल्या चारपाच जणींनी पाय वर घेतले. नरसम्मा म्हणाली, "पाइप सोडू कसा? परत कधी येईल पाणी, कोणाला माहीत?" तेव्हा साहेबांनी पाइप हातात घेतला. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. बाईंनी दारातच पट्टी केली. बाकीच्या बाया एक हात यंत्राला आणि एक हात पाइपला देऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी तीन पिंपं भरली आणि मग विचारलं, "यांना विचारून वेळ का नाही ठरवली आपण?"

"आता विचारू की," बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या मंगल कार्यालयात बैठक झाली. पाण्याची चावी फिरवणाऱ्या माणसालाही बाईंनी बोलावलं. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी त्यानं दवाखान्यात निरोप द्यायचा, पाण्याच्या संध्याकाळी दवाखाना बंद, त्याऐवजी रविवारी उघडा, हे बायांनी ठरवलं आणि साहेबांनी तसा आदेश काढला. वस्तीच्या बायांना विचारून वेळ ठरवायची, हा नियम विडी कामगारांच्या दुसऱ्या वस्त्यांतही लागू झाला. नरसम्माचा अंगठा गेला, पाऊल राहिलं. ती आता थोडी लंगडत येते, पण तिच्याबरोबर नेहमी एखादी नवी बाई असते, दंडाला धरून आणलेली.

बाई निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. नवे डॉक्टर चांगले आहेत, मऊ बोलतात, त्यामुळे पेशंट दोनदा विचारतात. गेल्या आठवड्यात संध्याकाळी ऐन गर्दीत बाईंचा फोन आला. मला खूप सांगायचं होतं. म्हटलं, "बाई, तुमची फार आठवण येते हो."

"खिडकीशी कुणी हाय का?"

"आहेत की. पार रस्त्यापर्यंत रांग आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.