मयूरच्या नावाचा उपास

दुर्गाबाई परबांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कुणाला न विचारता ठरवली, ती म्हणजे प्रदोषाचा उपास. बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. लग्न मामानं जमवलं, लालबागच्या डंकावर मसाला कुटायला नवऱ्यानं, गणपतनं, लावलं, आणि करी रोडची चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा अकराव्या मजल्यावरचं घर बिल्डरच्या चिठ्ठीत निघालं म्हणून मिळालं. बाईंनी कधी कुरकुर केली नाही. मिरचीच्या खकाण्यात तीस वर्षं तोंडाला पदर बांधून काढली की बोलायची सवयही कमी होते.

प्रदोष म्हणजे त्रयोदशीची तिन्हीसांज, महिन्यातून दोनदा येणारी. दिवसभर पोटात काही घालायचं नाही, दिवस मावळताना शंकराच्या देवळात जायचं, पूजा झाली की घरी येऊन जेवायचं. मयूर, त्यांचा एकुलता एक मुलगा, सतरा वर्षांचा होता तेव्हा परळला कमरेइतक्या पाण्यातून क्लासवरून घरी आला आणि चौथ्या दिवशी तापानं फणफणला. लेप्टो निघाला. मूत्रपिंडं बंद पडली. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाजूला बसलेली एक म्हातारी म्हणाली, आज त्रयोदशी आहे बाई, मागून घे पोराला. बाईंनी तिथल्या तिथे फरशीवर डोकं टेकलं आणि जन्मभराचे प्रदोष बोलून टाकले. पुढच्याच प्रदोषाला मयूरला लघवी झाली. नर्सनं बाटली वर धरून दाखवली, तेव्हा बाईंनी त्या बाटलीला हात जोडले होते.

त्याला आता एकवीस वर्षं झाली. मधे एकच प्रदोष चुकला, गणपत गेला त्या सुतकात. त्याच पंधरवड्यात मयूर स्कूटरवरून घसरला आणि खांद्याचं हाड मोडून घरी आला. रस्त्यावर खडी पडली होती, असं सगळे म्हणाले. बाईंनी मान हलवली, पण त्यांना जे कळायचं ते कळून चुकलं होतं.

मग गेल्या दिवाळीत त्यांची साखर इतकी चढली की डॉक्टरांनी गोळ्या बंद करून इंजेक्शन सुरू केलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि वर पोटभर खाणं. मयूरला आईचा स्वभाव ठाऊक होता. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर उकिडवा बसला.

"आई, माझ्या गळ्याला हात लाव. इंजेक्शन एक दिवस पण चुकवणार नाहीस. बोल."

बाईंनी हात लावला. "नाय चुकवणार."

"आणि ते प्रदोष-बिदोष बंद. खूप झालं आता. काय?"

"बरं," बाई म्हणाल्या.

मयूरला वाटलं, दोन्ही कामं झाली. पण 'बरं' म्हणणं वेगळं आणि गळ्याला हात लावून बोलणं वेगळं. बाईंनी मनाशी सरळ वाट काढली. इंजेक्शन मयूरच्या शपथेचं, ते घ्यायचं. उपास मयूरच्या जिवाचा, तो करायचा. औषधानं काही उपास मोडत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा प्रदोषाच्या दिवशी त्या सकाळी आठला मयूरच्या डोळ्यांदेखत सुई टोचून घेत, सुनेनं, श्रेयानं, दिलेली बशी बाल्कनीत नेत आणि त्यातलं पिशवीत बांधून तुळशीच्या कुंडीमागे ठेवत. खाली जाताना पिशवी कुत्र्यांना. एकमेकांवर माया असलेल्या दोन माणसांनी मिळून असा फास तयार केला होता, आणि दोघांनाही तो दिसत नव्हता.

मार्गशीर्षातल्या प्रदोषाला, पूजा आटोपल्यावर, देवळात बाईंचे हात पहिल्यांदा थरथरले. देऊळ लहानसं, बाजारामागच्या गल्लीत, दोन टॉवरच्या मधे दाटीवाटीनं उभं. अंगाला दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली, आणि बाई नंदीजवळ मटकन बसून डुलायला लागल्या. चाळीच्या दिवसांपासूनची शेजारीण गंगुबाई तिथेच होती. तिनं बाईंचा चेहरा निरखून पाहिला आणि दोन्ही हात जोडले.

"दुर्गे, ह्या साधा न्हय गो! तुझ्या अंगात वारा इला!"

झालं. कुणी तीर्थ पाजलं, कुणी प्रसादाचा पेढा भरवला, आणि थोड्या वेळानं बाई भानावर आल्या. पेढ्यानं आल्या हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. देवळात येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी फ्रीजमध्ये त्याच इंजेक्शनच्या बाटल्या असतील, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, सकाळपासून जेवलात काय? अशा वेळी आपल्या माणसांना हात जोडायला फार घाई असते.

खरं सांगायचं तर बाईंनाही ते आवडलं. आयुष्यभर ज्या बाईला डंकावर "ए मावशी, बारीक कूट" यापलीकडे कुणी हाक मारली नव्हती, तिला लोक "दुर्गामाय" म्हणू लागले. पौषात दोन बायका पाया पडल्या. एकीनं मुलीचं लग्न कधी जमेल विचारलं. आपण काय उत्तर दिलं ते बाईंना आठवत नव्हतं, पण देव जवळ येतो आहे, म्हणजे मयूरवर त्याची नजर आहे, एवढं त्यांना पटलं. दर खेपेला भान लवकर जात होतं आणि उशिरा परतत होतं. त्याचीही त्यांना भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

माघातला वद्य प्रदोष शनिवारी आला. शनिप्रदोष, आणि दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, त्यामुळे देवळात बांबू बांधून झाले होते आणि माळा सोडल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात इंजेक्शनची मात्रा वाढवली होती. बाईंनी सकाळी ती नेमानं घेतली, पोहे पिशवीत बांधले आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिल्या. दुपारपासून डोकं हलकं झालं होतं. सहाच्या सुमारास त्या देवळात पोचल्या तेव्हा पायाखाली जमीन आहे की नाही कळत नव्हतं. नंदीच्या शिंगांमधून पिंड पाहायला वाकल्या, तर शिंगं चार दिसली, आणि पिंडीच्या जागी नुसता काळोख. त्या काळोखाला वास होता, भाजलेल्या मिरचीचा. बाई तिथेच कोसळल्या.

घरी श्रेया तुळशीला पाणी घालत होती. आज पिशवी खाली न्यायची राहिली होती. तिनं ती उघडली, पोहे पाहिले, कालनिर्णय पाहिलं आणि मयूरला फोन लावला. मयूर कामावरून परत येता येता भारतमाता टॉकीजपाशी होता. तिथून तो धावतच सुटला.

देवळात बाईंच्या भोवती वीस-पंचवीस माणसं हात जोडून उभी होती. कुणीतरी त्यांच्या कपाळाला मळवट भरला होता, ओटीत नारळ ठेवला होता. बाईंचे डोळे अर्धे उघडे, तोंडातून घरघर. एक माणूस आपल्या खटल्याचा निकाल विचारत होता.

मयूर आत घुसला तसा दोघांनी त्याचे दंड धरले. "हात नको लावू! वारं आहे अंगात!"

"कसलं वारं? शुगर उतरलीय तिची! सोडा मला, आई आहे माझी!"

त्यानं हिसडा दिला आणि अभिषेकाच्या ताटातली मधाची वाटी उचलली. गुरव, रामदास, आडवा आला. "ते देवाचं आहे रे. अजून पूजा व्हायचीय."

मयूरनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं. बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं मध त्यांच्या ओठांशी नेला. बाईंनी दात आवळून धरले. त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख काही पटली नाही. अडखळत, जड जिभेनं म्हणाल्या, "बाजूला हो बाबा. माझ्या मयूरचो उपास आसा. मोडलो तर तो जिवानिशी जायत."

मयूर रडत होता. रडत रडतच त्यानं त्यांचा जबडा दाबला आणि गालाच्या आतून, हिरड्यांवर मध चोळत राहिला. बाई हातांनी त्याला ढकलत होत्या, नखं लावत होत्या. मागे गंगुबाई ओरडत होती, "पाप लागात तुका!" पाच-सात मिनिटांनी ते हात सैल पडले आणि घरघर थांबली. रामदासनंच मग टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलमध्ये सलाईन लावल्यावर बाई अर्ध्या तासात नीट शुद्धीवर आल्या. डॉक्टर म्हणाले, मुलानं वेळेवर मध दिला म्हणून, नाहीतर कठीण होतं. श्रेयानं देवाला हात जोडले. मयूर भिंतीला टेकून पहिल्यांदा हसला.

"मध कधी घातलास तोंडात?" बाईंनी विचारलं.

"सव्वासहाला असेल. का गं?"

"आणि दिवस कधी बुडालो?"

श्रेयानं फोनमध्ये बघून सांगितलं, "सहा अडतीस. आई, तुम्ही आता तो विचार सोडा, झोपा बघू."

बाई झोपल्या नाहीत. त्यांनी मयूरकडे पाहिलं. एकवीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून त्याच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत होत्या, तसंच. मग त्यांनी सलाईनचा हात पुढे केला, मयूरचं मनगट धरलं आणि अंगठ्यानं त्याची नाडी शोधायला लागल्या. नर्स हसून म्हणाली, "मावशी, पेशंट तुम्ही आहात." मयूरही हसला आणि हात सोडवून घेऊ लागला. पण बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मनगट काही सोडत नव्हत्या.