बॅटरीचे चार तास

आईला हॉस्पिटलमधून नाशिक रोडच्या घरी आणलं, त्याच आठवड्यात मेसेज आला: दुरुस्तीसाठी शनिवारी सकाळी नऊ ते तीन लाइट बंद. एरवी असल्या मेसेजकडे कोण बघतं? पण आता आईच्या पलंगाशेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन होतं, आणि ते क्षणभरही बंद होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी दहावीला विज्ञान शिकवते. घाबरले की गणितं करत सुटते. मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचली: २३० व्होल्ट, दीड अँपिअर. गुणाकार केला, ३४५ वॅट. इन्व्हर्टरची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची, म्हणजे अठराशे वॅट-तास. भागाकार केला तर पाच तास येतात. पण बॅटरी जुनी, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातोच. जेमतेम चार तास धरायचे. हे सगळं मी आईच्या उशाशी उभी राहून मोठ्यांदा केलं. वर्गातली सवय, दुसरं काय. “चारच तास,” मी दोनतीनदा म्हटलं. आई छताकडे बघत पडली होती.

उरलेल्या वेळासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर सांगून ठेवला. शनिवारी लाइट गेली तशी मी घरातले पंखे, दिवे, सगळं बंद केलं आणि सिलिंडरवाल्याला फोन लावला. “निघालोच, मॅडम.” तासाभराने पुन्हा लावला. “द्वारका चौकात अडकलोय, लय ट्रॅफिक हाय. आलोच समजा.” ‘आलोच समजा’ म्हणणारा माणूस कधी वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही.

बूड टेकवत नव्हतं. इन्व्हर्टर गॅलरीत. त्याच्या छोट्या पडद्यावर बॅटरी किती भरली आहे ते दिसतं, आणि व्होल्ट व अँपिअर आळीपाळीने येतात. मी आईजवळ बसायची, पाणी पाजायची, की लगेच उठून गॅलरीत. समोरच्या बिल्डिंगचा जनरेटर कान किटवत होता, म्हणून दर वेळी दार ओढून घ्यायची. २३०. अँपिअर येईपर्यंत थांबतंय कोण, दीड तर पट्टीवर वाचलेलेच. ठीक आहे. मग उगाच भागाकार: २३० भागिले दीड, रोध १५३ ओहम. त्या आकड्याचा मला काडीचा उपयोग नव्हता, पण तो बरोबर आला की जरा धीर यायचा.

“किती नाचतेस गं?” आई एकदा पुटपुटली. “बस की जरा.”

“बॅटरी बघून येते.”

बारा वाजता बघितलं तर बॅटरी माझ्या हिशेबापेक्षा बरीच भरलेली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडलेच. गणित चुकलं कुठे? तशीच पडद्यासमोर उभी राहिले. व्होल्ट २३०. आणि अँपिअर, शून्य.

दाब आहे पण प्रवाह नाही, म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. आत धावले.

मशीन गप्प होतं. नाकातली नळी जागच्या जागी, ओठ निळसर, आणि आईचा हात पलंगाशेजारच्या बटणावर.

मी बटण दाबलं आणि ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये एवढंही भान राहिलं नाही. तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढेपर्यंत मी त्यावरून नजर काढली नाही.

“काय करत होतीस तू हे?”

“चारच तास म्हणालीस ना,” ती धापा टाकत म्हणाली. “तेवढीच वाचेल.”

जन्मभर हिने हेच केलं. कुणी पाणी प्यायला उठलं तरी मागून पंखा बंद. रिकाम्या खोलीत भुतांना वारा घालता का, हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही तिच्या या काटकसरीची चेष्टा करत मोठे झालो. ती श्वासातही काटकसर करेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

“कधीपासून?” मी विचारलं.

“तू गॅलरीत गेलीस की बंद. दार वाजलं की चालू.”

म्हणजे सकाळपासून. जितक्या वेळा मी काळजीने उठले, तितक्या वेळा. मला रडूच फुटलं.

मग मी बसले, तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून. पाय शिवशिवत होते, पडदा बघून यावंसं वाटत होतं. मशीनची घरघर ऐकत राहिले.

बऱ्याच वेळाने बाहेरच्या दारावर थाप पडली. “सिलिंडर, मॅडम!”

“जा, उघड,” आई म्हणाली.

मी हात सोडला नाही. बसल्या जागेवरूनच ओरडले, “दार उघडंच आहे, आत या!”