सॉरीवाला आणि राहिलेला उखाणा

आमच्या आईला इंग्रजी येत नाही, पण लंडनचा तो कपाळावर केस आलेला हिरो तिला भारी आवडतो. त्याचे हिंदीत डब केलेले सिनेमे टीव्हीवर मीच लावून दिले. पोरगी समोर आली की हा अडखळतो, डोळे मिचकावतो आणि दर वाक्याला माफी मागतो. आईनं त्याला नाव ठेवलं, सॉरीवाला. दुपारची भांडी झाली की आष्ट्याच्या आमच्या घरात हाक यायची, "आगं, सॉरीवाल्याचं लाव की एखादं."

बाबा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. त्यांना हा गडी मुळीच पटायचा नाही. पेपर तोंडासमोर धरून सगळं बघायचे आणि वर म्हणायचे, "दोन तास नुसतं ततपप करतंय, आन् शेवटी पळत सुटतंय. आदीच बोलाय काय झालं हुतं?"

"त्यो शेवटाला तरी बोलतो," आई म्हणायची. "तुमी तेवढं नका सांगू."

हा टोमणा जुना होता. लग्नाच्या वरातीनंतर नणंदांनी दार अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही म्हणून. आईनं लाजत लाजत उखाणा घेतला. बाबा ताठ उभे. बहिणी विनवून थकल्या, शेवटी कंटाळून दार सोडलं. सुट्टी संपली आणि बाबा पलटणीत निघून गेले. तेव्हापासून आजतागायत 'आगं' आणि 'ऐकलं का' यावरच संसार चाललेला. मला तर बाबांचा असा संताप यायचा! अहो, बायकोचं नाव घ्यायचं, त्यात कसली मर्दुमकी जाते?

गेल्या वर्षी आईच्या छातीत दुखायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. ॲडमिट झाल्यावर माझ्याकडून वेणी घालून घेताना ती म्हणाली, "मराचं भ्या न्हाई गं मला. पन ह्यांच्या तोंडनं माझं नाव न ऐकताच गेले, तर जिवाला लय लागंल."

मला रडू आलं आणि रागही आला. बाबा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली औषधं आणायला गेले आणि नेमकं तेव्हाच वॉर्डबॉय आईला ऑपरेशनला न्यायला आले. मी फोनवर फोन केले, उचलतील तर शप्पथ! स्ट्रेचर ऑपरेशनच्या दारापाशी पोचलं, तोच जिन्यात धडधड वाजलं. लिफ्टपुढं गर्दी होती, म्हणून गुडघेदुखीचा हा माणूस पळत वर आला होता. हातात औषधांची पिशवी, श्वास लागलेला.

"सिस्टर, सॉरी... एक मिनिट... आगं, म्हंजे..."

आई बघतच राहिली. इतर पेशंटचे नातेवाईकही बघत होते. बाबांनी टाचा जुळवल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "सीमेवर हुतो तवा बर्फ पडायचा लय..."

आणि अडकले. पुढच्या ओळीत नाव घ्यायचं होतं, तेच येईना. डोळे मात्र भरून आले. हे काय चाललंय ते सिस्टरला कळलं असावं, तीही थांबली.

"ऱ्हाऊ द्या," आई हसून म्हणाली. "पुढचं आल्यावर म्हना."

दार बंद झालं. बाबा बाकावर बसून तीच ओळ पुटपुटत राहिले. एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी नुसता त्यांचा हात धरून बसले.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. आईच्या तोंडावर मास्क, नाकातोंडातल्या नळ्या नुकत्याच काढलेल्या. तिनं डोळे उघडले, बाबांना शोधलं. आवाज जेमतेम येत होता.

"बर्फ पडायचा लय... हं, पुढं?"

बाबा तिच्या कानाशी वाकले. त्यांनी तिचं नाव घेतलं, अगदी पहिल्यांदा, आणि म्हणाले, "...घरात नसली, तर वाटतंय भय."