पूजेत बसलेला कॅमेरा

शांतलिंग फोटोवाल्याबद्दल काही विचारायचं तर लोक गौरीशंकर अप्पांकडं बोट दाखवतात. आणि अप्पा म्हणतात, तो माणूस मला कळला कुठं? त्याच्या घराची पायरी ते कधी चढले नाहीत. त्याची मुलं काय करतात, हेसुद्धा त्यांना त्याच्या मयतीच्या दिवशी समजलं. जे पाहिलं ते खडी क्रशरवर. तेवढंच त्यांना सांगता येतं, आणि तेही नीट सांगता येईल की नाही याची त्यांना खात्री नसते.

उमरग्याच्या थोडं पुढं, हायवेला लागून एक क्रशर आहे. अप्पा तिथं मुकादम होते. शांतलिंगचा गावात स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्टचे फोटो, यावर त्याचं पोट. पण लग्नसराई सरली की तो जुन्या मोटारसायकलला पिशवी अडकवून निघायचा. साखर कारखान्याच्या चिमण्या, वीटभट्ट्या, माळावरच्या पवनचक्क्या आणि तिथं राबणारी माणसं, यांचे फोटो काढायचा. ते कुणी सांगितलेलं नसायचं आणि कुणी विकतही घ्यायचं नाही.

पहिल्यांदा तो क्रशरवर आला तेव्हा अप्पांना वाटलं, धूळ मोजायला आलेला सरकारी माणूस आहे. चहा पाजून वाटेला लावावा असा त्यांचा बेत होता. शांतलिंग चहा प्याला, बरा झालाय म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

त्याची कामाची रीत न्यारी होती. सुरुवातीचे काही दिवस कॅमेरा पिशवीतून बाहेरच निघायचा नाही. डंपरवाल्यांशी गप्पा मारायच्या, खडीच्या सरकत्या पट्ट्यावर माती वेचणाऱ्या बायांच्या भाकरीतली चतकोर खायची. बाया त्याला छेडायच्या, पिशवीत फोटोची मशीन हाय का दुपारची भाकरी? मग एखाद्या दिवशी तो कॅमेरा काढायचा, आणि तोवर कुणालाच त्याचं अप्रूप उरलेलं नसायचं. ज्याचा फोटो, त्याला त्याची प्रत आणून द्यायची, यात मात्र कधी चूक नाही. डंपरवाल्या सोमेशनं आपला फोटो केबिनमध्ये देवाशेजारी चिकटवला होता.

अप्पांनी उभी हयात त्या डोंगराकडं, यातून किती खडी निघेल, एवढ्याच नजरेनं पाहिलं होतं. शांतलिंगच्या फोटोत त्यांनी तो अर्धा कोरलेला डोंगर पाहिला, त्याच्या पायाशी मुंगीएवढा डंपर आणि त्याला टेकून बिडी ओढणारा माणूस. आपण इतकी वर्षं कुठं उभे होतो ते त्यांना तेव्हा दिसलं.

मग पुण्याहून निरोप आला. कामगारांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन होतं आणि शांतलिंगचा एक फोटो भिंतीएवढा करून दारातच लावणार होते. किती वर्षं तो असे फोटो पाठवत होता, पण उलट उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. फोटो माती वेचणाऱ्या बायांमधल्या महादेवीचा होता. पट्ट्यावर वाकलेली, नाकावर पदर, सगळा चेहरा धुळीनं पांढरा आणि त्यातून बघणारे दोन डोळे. तो मोठा करून शांतलिंग हौसेनं तिला दाखवायला घेऊन आला.

महादेवीनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यात म्या कुठं हाय? गिरणीतलं पिठाचं पोतं दिसतंय."

"डोळे बघा की, महादेवीबाई."

"डोळे कोण बघतंय? लेक सोलापुरात दिलीय. तिच्या सासरी समद्यांच्या हातात मोबाइल. त्यांनी असली इहीण बघायची व्हय? लावायचाच तर चांगलं लुगडं नेसल्याला लावा. मशिनीपुढं उभी ऱ्हाते की."

अप्पांना वाटलं, हा आता तिची समजूत घालणार. तो नुसता "बरं" म्हणाला आणि तिथूनच त्यानं पुण्याला फोन लावला. पलीकडच्यांनी पुष्कळ हुज्जत घातली. शेवटी दुसरा फोटो बघायला कबूल झाले, पण तो खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. शांतलिंग खूश झाला. खंडेनवमीला काम बंद, मशीन धुतलेली आणि बायाही नटलेल्या.

त्या दिवशी क्रशरच्या तोंडाला झेंडूचे हार घातले होते. पुढं पोत्यावर घण, पहारी, नटबोल्टचे पाने, फावडी मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. एकदा तिथं मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही, मग कितीही नड असो. शांतलिंगनं पिशवी बाजेवर ठेवली आणि तो टाकीवर हातपाय धुवायला गेला. परत येतो तो, हिरवं इरकल नेसलेल्या महादेवीनं त्याचा कॅमेरा काढून घण आणि पहारीच्या मधे बसवलेला. वर कुंकवाचं बोट आणि एक झेंडू. तिच्या लेखी त्यात काही वावगं नव्हतं. सगळ्यांची हत्यारं बसली होती, त्याचंच राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत फोटो पुण्याला पोचवायचाय, हे तिथल्यांपैकी फक्त अप्पांना ठाऊक होतं. मोबाइलवर काढलेला फोटो भिंतीएवढा होत नाही, हे शांतलिंगनंच त्यांना सांगितलं होतं. त्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, उचला, बायांना मी सांगतो, देव काय कोपायचा न्हाय.

शांतलिंग ओल्या हातांनी तसाच बघत उभा राहिला.

"राहू द्या, अप्पा. लग्नात आमा फोटोवाल्यांना समद्यात शेवटच्या पंगतीला बसवतात. हितं ह्यांनी माझं हत्यार आपल्या हत्यारांसंगं बसवलंय. ते कसं उचलू?"

मग तो सगळ्यांच्यात बसून पुरणपोळी जेवला. संध्याकाळी पुण्याचा फोन आला तेव्हा खडीच्या ढिगाआड जाऊन बोलला. काय बोलणं झालं ते अप्पांनी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळत होतं.

दसऱ्याला सकाळी पूजा हलली आणि त्यानं पहिला फोटो महादेवीचा काढला. मशिनीवर हात ठेवून उभी, हनुवटी वर. आता त्या फोटोची वाट बघणारं कुणी नव्हतं. तरी उजेड मनासारखा मिळेपर्यंत तिला इकडं सरकव, तिकडं सरकव, असं त्याचं किती वेळ चाललं होतं.

दिवाळी झाल्यावर तो फोटो मोठा करून, काच बसवून आणला. महादेवी लेकीकडं गेली होती, म्हणून अप्पांकडं दिला. पुण्याबद्दल काहीतरी बोलावं असं अप्पांच्या फार मनात होतं, पण बोलणं झालं ते फोटोचंच. त्याच महिन्यात छातीत कळ येऊन शांतलिंग गेला. ती भेट शेवटची ठरली. त्या दिवशी निघताना तो म्हणाला,

"महादेवीबाई आल्या की द्या. उन्हात ठेवू नका, रंग उडतो."

"कपाटात ठेवतो."

"आन् भिंत ओली असली तर मागं पुठ्ठा लावा म्हणावं."

"सांगतो. सावकाश जावा."