सदतिसावा रिवेट

पुलाच्या पाटीवर साहेबांची नावं आहेत. रिवेट ठोकणाऱ्यांची नाहीत. पाटी पुरली नसती म्हणे! मग मोठी करायची होती.

सावळीराम पेठकडच्या पाड्यावरून विशीत नाशकाला आला, तो थेट गोदावरीवरच्या या जुन्या लोखंडी पुलाच्या दुरुस्तीवर. खालचा माणूस भट्टीतला लालभडक रिवेट चिमट्यानं वर फेकायचा, सावळीराम तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवायचा, आणि लगेच घण पडायचे.

"दुसऱ्या गाळ्यातले, दोन खांबांमधले, सदतीस रिवेट माझ्या हातचे. एक हलायचा नाय!" नाशकातल्या त्याच्या अंबडच्या गल्लीनं पन्नास वर्षं हेच ऐकलं.

सून ज्योत्स्ना कारखान्यात माल तपासते. रविवारी सकाळी म्हणाली, "मामंजी, आमच्याकडं तपासल्याशिवाय काहीच पास होत नाही. चला, तुमचे रिवेट तपासू."

"चल! एक जरी ढिला निघाला तर पुन्हा पुलाचं नाव काढणार नाय."

पुलावर रखवालदार धनराजनं हटकलं. "ओ बाबा, हातोडी कशाला? पूल भंगारात घालायचाय?"

"तुझा बाप रांगत होता तवा मी इथं लटकलेलो. गप उभा ऱ्हा."

सावळीराम अलीकडून हलकेच ठोकी. ज्योत्स्ना जाळीतून हात घालून पलीकडं बोट टेकवून बसली. पक्का रिवेट बोटाला काही कळू देत नाही, ढिला थरथरतो. छत्तीस झाले. सदतिसाव्याला तिनं मान वर केली.

"थरथरतोय, मामंजी."

हा माझा नाय, हे शब्द जिभेवर आले होते. त्या वेळी बघायला होतं कोण? म्हाताऱ्यानं ते गिळले.

"हा डब्याच्या काठावरून उडाला होता. फळीवर पडला, काळा पडला. परत तापवायला खाली टाकायचा, तर सगळे हसले असते. तसाच घातला."

"थंड झालेला?"

"थंड झालेला. थंड रिवेट घट्ट बसत नाय."

ज्योत्स्नानं पर्समधला खडू काढून रिवेटभोवती गोल केला, कारखान्यात करते तसा. सावळीरामनं धनराजला जवळ बोलावलं. "हाफिसात कळव. सांग, ज्यानं बसवला त्यानंच सांगितलंय. नाव लिही, सावळीराम."

धनराजनं नाव लिहून घेतलं. या पुलापायी सावळीरामचं नाव कागदावर पहिल्यांदाच आलं.

परतताना दोघांनी घाटावर भेळ खाल्ली. "आता पुलाचं नाव नाही ना काढायचं?" ज्योत्स्नानं चिमटा काढला.

"कोण म्हणतं? छत्तीस पक्के हायेत की!"

त्या संध्याकाळी गल्लीत त्यानं गोष्ट पुन्हा सांगितली. सुरुवात मात्र सदतिसाव्यापासून केली.