ऑक्सिजनचे दोन हात

मंगळवारी नववीच्या वर्गाबाहेर पोछा मारत होते. आत सायन्सच्या मॅडम मुलींना उभं करून काहीतरी खेळ घेत होत्या... मी बादली बाजूला ठेवली आणि दारातून बघत राहिले. माझी नेहा त्याच वर्गात आहे.

आमची हजीऱ्याची छोटी हिंदी शाळा यंदा या मोठ्या शाळेत मिळवली. मुली आल्या, बाकं आली, सफाईला मीही आले. पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी माइकवर सांगितलं, आता आपण सगळे एक परिवार... टाळ्या झाल्या. मग आमची बाकं मागच्या भिंतीला लागली आणि आमच्या मुलीही तिथेच बसल्या.

नेहाने मला आधीच बजावलं होतं, शाळेत मला हाक मारायची नाही. नाही मारली. पण एकदा डबा विसरली, तो द्यायला गेले आणि सगळ्यांना कळलं... संडास धुणाऱ्या बाईची मुलगी.

तर मॅडमचा खेळ. प्रत्येक वस्तू बारीक बारीक अणूंची असते, आणि ते एकमेकांना धरतात तेव्हा रेणू बनतो, असं सांगत होत्या. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. मी पाचवीपर्यंतच शिकले, पण हे झटकन कळलं. हायड्रोजनवाल्या मुलींनी एक हात पाठीमागे ठेवलेला. कार्बन करायला दोन मुली पाठीला पाठ लावून उभ्या... मला हसू आलं.

नेहाला ऑक्सिजन केलं. दोन्हीकडे एकेक हायड्रोजन, की झालं पाणी. एकीने स्केल पुढे केला, नेहाने त्याचं दुसरं टोक धरलं. दुसरीने ओढणीचं टोक दिलं. मला वाटलं, हेही धड्यातलंच असेल... पाण्याला लागत असेल बाई स्केल.

मग बाकीच्या पोरी बघितल्या. सगळ्यांचे हात हातात. स्केल फक्त माझ्या पोरीला.

मॅडमनीही पाहिलं. म्हणाल्या, "चलेगा, जल्दी करो."

नेहाने दोन्ही टोकं सोडली आणि हात मागे घेतले. "मैडम, मैं ऑक्सीजन नहीं हूँ. मैं हीलियम हूँ."

मॅडम खूश. व्हेरी गुड म्हणाल्या, टाळ्या वाजवायला लावल्या. उरलेल्या दोघींनी पटकन एकमेकींचा हात धरला... तर मॅडम म्हणाल्या, हेही बरोबर, हायड्रोजन असाच जोडीने राहतो.

मी आत गेले नाही. मला कोणाच्या बापाची भीती नाही, पण पोरीला शब्द दिला होता. पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत राहिले.

घरी विचारलं, हीलियम म्हणजे काय ग. पोळी मोडत म्हणाली, "मम्मी, उसको किसी की ज़रूरत नहीं पड़ती. अकेला रहता है."

म्हटलं, आणि तुला? तर म्हणे, भाजी वाढ.

जुन्या शाळेत हिच्या बडबडीने बाईंचे कान किटायचे. आता घरी आली की दार लावून बसते. दोन शाळा एक झाल्या म्हणतात... माझ्या घरात तर बोलणंच बंद झालं.

स्केलवाली मुलगी इथल्या आपल्याच मराठी मंडळातली आहे. तिची आई मंडळाच्या जेवणात माझ्या हातची आमटी मागून मागून घेते, मला ताई म्हणते. नाव लिहीत नाही. पण ती हे मंडळाच्या ग्रुपवर वाचणार, मला माहीत आहे.

बाई ग, खाली रडका चेहरा टाकू नको. मुलीला घेऊन माझ्या घरी ये. चहा मी करीन... नेहा दार उघडेल का, ते मात्र मी सांगू शकत नाही.