नागरिक सदस्याचा हात

अख्ख्या जबलपुरात माझ्या थोरल्या साडूंइतका समतेनं पछाडलेला माणूस दुसरा नसेल. पोलिसात हवालदार. ठाण्यात समता समिती निघाली, तिचं काम यांच्या गळ्यात पडलं. दुसऱ्यानं फाईल कपाटात ठेवली असती. यांच्या ती अंगातच आली. चहा रोज महिला शिपायांनीच काहून करायचा, म्हणून सर्वांच्या पाळ्या लावल्या, ठाणेदारसाहेबांचीसुद्धा. साहेबांनी साखर समजून मीठ घातलं. साडूंनी घोट घेऊन कडक सलाम ठोकला, “साब, चाय नमकीन है, मगर बराबरी की है!” घरीही तेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा काकूंना पहिला मान, आणि पुरुषांनाही आमंत्रण. कपाळभर कुंकू आणि हातात वाणाची गाळणी घेऊन मी परत निघालो, तर खमरियाच्या बसमध्ये कंडक्टरनं मला बायकांच्या सीटवर जागा करून दिली.

याच समितीत साडूंनी मला नागरिक सदस्य म्हणून बसवलं. मी बँकेतला, भित्रा माणूस. आता जे सांगतो, ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

ठाण्यातल्या एका महिला शिपायाला जीपची ड्रायव्हर व्हायचं होतं. मझौलीची पोरगी, लहानपणापासून ट्रॅक्टर चालवलेली, परीक्षाही पास. पण तिला कायम टेबलाच्या कामाला बसवायचे. बैठकीत दोन हात तिच्या बाजूनं वर झाले, दोन विरुद्ध. उरला माझा. ठाणेदारांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुटपुटलो, “इकडच्या गल्ल्या फार अरुंद आहेत,” आणि हात मांडीखाली दाबून धरला.

दोन-दोन बरोबरीत निर्णय साहेबांच्या हाती गेला, आणि जीप दुसऱ्याला मिळाली. “कोई बात नहीं, अंकल जी,” पोरगी म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर साडूंनी विचारलं, “काहून घाबरले, साडूभाऊ?” मी राजीनामा देऊ केला, तर म्हणाले, “वा! चुकणाऱ्याला काढून टाकून राहिलो, तर समितीत बसणार कोण?”

साडू आता निवृत्त झालेत. समितीत मी अजून आहे. दर बैठकीत त्या पोरीचा अर्ज मीच मांडतो. संध्याकाळी साडूंचा फोन येतो.

“काय झालं पोरीचं?”

“नाही झालं.”

“अच्छा. चलो, तुम्ही तर बोलले ना?”

मी हो म्हणतो. आता ते खरं असतं.